टँकरचं पाणी मोजायला एमएसपी४३०एफआर५९६९: मेमरीचं कुलूप लावल्याशिवाय वापरू नका

धायरीतल्या आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. टँकर दहा हजार लिटरचा म्हणून येतो, पण टाकीत खरंच तेवढं पाणी पडलं का, हे कुणीच मोजत नव्हतं. म्हणून टाकीच्या तोंडाशी दर १० लिटरला एक पल्स देणारा मीटर बसवला आणि पल्स मोजणारा बॅटरीवरचा छोटा डबा मी बनवला. त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एमएसपी४३०एफआर५९६९ हा मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा संगणक) आहे. रीड स्विच (चुंबकाने चालणारा), बॅटरी होल्डर, वायरी हे सगळं बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळालं. चिप आणि चाचणीसाठीचा लाँचपॅड बोर्ड ऑनलाइन मागवले.

हाच का घेतला, तर त्याच्या एफरॅमसाठी, म्हणजे वीज गेली तरी न विसरणाऱ्या मेमरीसाठी. एका टँकरच्या हजार पल्स होतात. फ्लॅश मेमरीवाल्या जुन्या एमएसपी४३० मध्ये एकाच जागी खात्रीने १०,००० वेळा लिहिता येतं, म्हणजे दहा टँकरमध्ये ती जागा संपली. मग आकडा इकडेतिकडे फिरवत लिहायचा, ब्लॉक पुसायचा, पुसताना वीज गेली तर काय याची सोय करायची. एफरॅममध्ये यातलं काहीच करावं लागत नाही. एकावर पंधरा शून्यं इतक्या वेळा लिहिता येतं, आधी पुसायला लागत नाही, आणि कोडमध्ये ते साध्या व्हेरिएबलसारखं वापरता येतं. व्हेरिएबलवर पर्सिस्टंट प्राग्मा (कंपायलरला दिलेली सूचना) लावला की बॅटरी काढून घातली तरी आकडा जागेवर असतो.

एकच जपायचं. काउंटर ३२ बिटांचा आणि चिप १६ बिटांची, त्यामुळे तो दोन तुकड्यांत लिहिला जातो. नेमकी मधेच वीज गेली तर अर्धा जुना, अर्धा नवा आकडा उरतो. मी दोन प्रती ठेवते, प्रत्येकीला सीआरसी, म्हणजे प्रत धड आहे का ते तपासायचा आकडा. सीआरसीचं हार्डवेअर चिपमध्येच आहे.

पण जी गोष्ट इतक्या सहज लिहिता येते, ती इतक्याच सहज बिघडवताही येते. या चिपमधले ६४ केबी एफरॅम म्हणजे प्रोग्रॅमही तिथेच, स्थिरांकही तिथेच आणि आकडेही तिथेच. फ्लॅशमध्ये लिहायचं तर आधी कंट्रोलर उघडावा लागतो, त्यामुळे भरकटलेला, म्हणजे चुकीच्या पत्त्यावर गेलेला पॉइंटर सहसा प्रोग्रॅमला धक्का लावू शकत नाही. इथे तो थेट कोडवर लिहून मोकळा होतो, आणि ते नुकसान रीसेटनेही जात नाही.

म्हणून यातलं मेमरी प्रोटेक्शन युनिट, एमपीयू, मला या चिपचा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. दोन सीमा टाकायच्या, एफरॅमचे तीन भाग होतात. माझ्याकडे खालचा भाग आकड्यांचा, त्यात वाचणं-लिहिणं चालतं पण कोड चालवता येत नाही. मधला स्थिरांकांचा, फक्त वाचायचा. वरचा प्रोग्रॅमचा, वाचणं आणि चालवणं, लिहिणं बंद. इन्फो मेमरी नावाच्या ५१२ बाइटच्या छोट्या भागाला वेगळे अधिकार देता येतात. सीमा १ केबीच्या पटीतच सरकतात, त्यामुळे चार बाइटच्या काउंटरलाही अख्खा केबी द्यावा लागतो. ६४ केबीत ते परवडतं.

एमपीयूच्या रजिस्टरवर लिहायला वरच्या बाइटमध्ये ए५ हा पासवर्ड लागतो, चुकला की चिप रीसेट होते. सगळं लावून झाल्यावर लॉक बिट टाकायचा, मग ब्राउनआउट रीसेट (वीज जाऊन परत आल्यावर होतो तसा) होईपर्यंत कुणालाच काही बदलता येत नाही. कोड कंपोजर स्टुडिओ या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये एमपीयू चालू केलं तर लिंकर (कोड आणि डेटा मेमरीत बसवणारा) सीमा स्वतःच ठरवतो. सुरुवात तिथूनच करावी.

लाँचपॅडवर मी मुद्दाम एका फंक्शनच्या पत्त्यावर शून्य लिहून पाहिलं. एमपीयू बंद असताना बोर्ड मजेत चालत राहिला, ते फंक्शन बोलावलं तेव्हा कोसळला आणि पुन्हा कोड बर्न करेपर्यंत उठला नाही. एमपीयू चालू असताना लिहिणंच अडलं, त्या भागाचा फ्लॅग उभा राहिला आणि एनएमआय, म्हणजे दुर्लक्ष करता न येणारा इंटरप्ट, आला. त्याऐवजी रीसेटही निवडता येतो. मी एनएमआय ठेवला आहे, कारण कुठल्या भागात घुसखोरी झाली ते नोंदवून मग रीसेट करता येतं.

आता मर्यादा. हे कुलूप फक्त एफरॅमला आहे. २ केबी रॅमला नाही, पेरिफेरलना नाही. स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती जागा) वाढत जाऊन रॅममधल्या व्हेरिएबलवर चढला तर एमपीयूला पत्ता लागत नाही. प्रिव्हिलेज्ड मोड (मुख्य कोडला जास्त अधिकार देणारी सोय) नाही, त्यामुळे एका टास्कला दुसऱ्यापासून वेगळं ठेवायचं असेल तर एमपीयू असलेला कॉर्टेक्स-एम प्रोसेसरचा मायक्रोकंट्रोलर घ्यावा. भोसरीत लहान प्रमाणावर बोर्ड बनवून विकणाऱ्यांना मात्र यातली आयपी एन्कॅप्सुलेशनची सोय नक्की उपयोगी पडेल: त्या भागातला डेटा फक्त त्याच भागातल्या कोडला वाचता येतो, जेटॅग या डीबगच्या जोडणीतूनही बाहेर काढता येत नाही.

बॅटरीच्या बाबतीत मी पूर्ण समाधानी आहे. डेटाशीटप्रमाणे चालू असताना साधारण १०० मायक्रोअँप प्रति मेगाहर्ट्झ, एलपीएम३ या झोपेच्या मोडमध्ये ०.४ मायक्रोअँप. टँकर नसतो तेव्हा डबा झोपलेलाच असतो, पल्स आली की पोर्ट इंटरप्टने उठतो. लाँचपॅडवरच्या एनर्जीट्रेस या मोजमापाच्या सोयीने हा करंट पडद्यावर दिसतो, वेगळा मीटर लागत नाही. घड्याळ १६ मेगाहर्ट्झपर्यंत जातं, पण ८ च्या वर एफरॅमला वेट स्टेट (थोडं थांबणं) लावावी लागते. पल्स मोजायला १ मेगाहर्ट्झ पुष्कळ.

एफआर५९६९ फक्त ४८ पायांच्या व्हीक्यूएफएन पॅकेजमध्ये (पाय बाहेर न आलेलं) येतो, साध्या सोल्डरिंग आयर्नने तो लावणं त्रासाचं. हाताने बोर्ड जोडणाऱ्यांनी एफआर५९५९ बघावा. एफरॅम तेवढंच, एमपीयू तेच, आणि तो ३८ पायांच्या टीएसएसओपी पॅकेजमध्येही (पाय बाहेर आलेलं) मिळतो.