गेमिंग खात्याला कार्ड जोडलंय? माझे २३,४९६ रुपये असे गेले

४,९९९ रुपये तीनदा, ८,४९९ एकदा. एकूण २३,४९६. एकदाही ओटीपी आला नाही. कार्ड परदेशी कंपनीकडे साठवलेलं असेल आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असतील, तर ओटीपीविना पैसे कापले जाऊ शकतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते आत्ताच बंद करा, पुढचं नंतर वाचा.

खातं माझ्या मुलाचं, कार्ड माझं. मुलाने पासवर्ड कुणालाही दिला नव्हता. गळती गेमिंग कंपनीकडून झाली. ‘आमच्या यंत्रणेत अनधिकृत प्रवेश झाला’ हे त्यांनी कळवलं ते आमचे पैसे गेल्यावर. चोरांनी गेममधलं चलन विकत घेतलं आणि भेट म्हणून दुसऱ्या खात्यांवर पाठवलं.

आदल्या संध्याकाळी ‘नवीन उपकरणावरून लॉगिन’ असा ईमेल आला होता. खाली परदेशातल्या शहराचं नाव. मी तो वाचला आणि सोडून दिला. अहो, अशा ईमेलला हात लावू नका, हेच तर बँक आणि पोलीस रोज बजावतात! लिंक न दाबता थेट गेममध्ये शिरून पासवर्ड बदलता आला असता, दोन मिनिटांचं काम. ते शहराचं नाव अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. रात्रीतून त्यांनी खात्याचा ईमेलच बदलला, मग आम्हालाच आत जाता येईना. द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, लावून ठेवा, मुलं कितीही कुरकुरली तरी.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पोलीस ठाण्यात मात्र, “ताई, गेमच ना? पोरानेच घेतलं असेल, भीतीने बोलत नसेल.” तेही मुलाच्या तोंडावर! व्यवहार पहाटे तीनचे, लॉगिन परदेशातलं, कागद माझ्या हातात. कोणी बघितलेसुद्धा नाहीत. बँक म्हणते कंपनीशी बोला, कंपनीचा चॅटबॉट म्हणतो बँकेशी बोला. वर धमकी, बँकेमार्फत पैसे परत मागितले तर खातं कायमचं बंद. मुलाने वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेले सगळे गेम त्यात आहेत.

गेमिंग कंपन्यांना हे नवीन आहे का? सोनीने २० एप्रिल २०११ला प्लेस्टेशन नेटवर्क ही आपली ऑनलाइन गेमिंग सेवा बंद केली, पण माहिती चोरीला गेल्याचं लोकांना सांगितलं २६ एप्रिलला. सुमारे ७.७ कोटी खाती होती ती! ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०१३मध्ये अडीच लाख पौंड दंड केला. इथे आमच्या कंपनीला जाब विचारायला कोणी नाही.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक मी छापून बँकेत सोबत नेलं. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही, असं त्यात स्पष्ट होतं. शाखेतल्या बाईंनी ते माझ्यासमोर पहिल्यांदा वाचलं. फोनवर विसंबू नका, लेखी द्या, पोच घ्या. माझ्याकडे पोच आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार.