एजंटला ब्राउझरमधून शोध: सहा महिन्यांच्या वापरानंतर खटकणारी रिकामी यादी

गेल्या आठवड्यात माझ्या एआय एजंटने (ब्राउझरमधून स्वतः शोध घेणाऱ्या भाषा-मॉडेलने) एका प्रोग्रामिंग लायब्ररीच्या नव्या आवृत्तीबद्दल 'माहिती उपलब्ध नाही' असं ठाम उत्तर दिलं. हाताने शोधलं तर पहिल्याच दुव्यावर सगळं होतं. लॉगमध्ये कारण सापडलं. शोधयंत्राने कॅप्चा ('तुम्ही माणूस आहात का' ही चाचणी) दाखवला होता, सिलेक्टरला (पानातून निकाल उचलणाऱ्या नियमाला) त्या पानावर एकही निकाल दिसला नाही, आणि टूलने (एजंटसाठी शोध करणाऱ्या प्रोग्रामने) रिकामी यादी परत केली. एजंटने तीच खरी मानली.

या जुळणीतला सर्वांत महागडा दोष हाच. क्रॅश झालं तर निदान कळतं. इथे चुकीचं उत्तर बिनबोभाट पुढे जातं.

जुळणी नेहमीचीच: क्रोम, बाहेरून ब्राउझर चालवण्यासाठीचा रिमोट डीबगिंग पोर्ट ९२२२, त्याला सीडीपीने (क्रोमला आज्ञा देण्याच्या प्रोटोकॉलने) जोडलेलं प्लेराइट ही ब्राउझर चालवणारी लायब्ररी, आणि वर एमसीपीचं (एजंटला टूल जोडण्याच्या प्रोटोकॉलचं) छोटं टूल. क्रोम १३६ पासून नेहमीच्या प्रोफाइलवर हा पोर्ट उघडत नाही. यूजर डेटा डिरेक्टरी (प्रोफाइल साठवण्याचं फोल्डर) वेगळी द्यावीच लागते, नाहीतर खिडकी उघडते पण पोर्टवर कोणी ऐकत नसतं आणि तासभर जोडणीचा कोड तपासण्यात जातो. तीच डिरेक्टरी वापरणारं क्रोम आधीच चालू असेल तरीही असंच होतं: नवी कमांड जुन्या प्रोसेसकडे सोपवली जाते आणि दिलेले पर्याय वाया जातात. पोर्ट लोकलहोस्टपुरताच (त्याच संगणकापुरता) ठेवा. त्याला पासवर्ड नसतो. जो पोहोचेल त्याच्या हाती अख्खं ब्राउझर जातं.

आता रिकाम्या यादीचा इलाज. टूलने तीन वेगळ्या अवस्था कळवायला हव्यात: निकाल मिळाले, खरोखरच काही नाही, आणि शोध अडला. 'खरोखरच काही नाही' हे फक्त तेव्हाच म्हणायचं, जेव्हा पानावर शोधयंत्राचा स्वतःचा 'निकाल नाहीत' हा मजकूर दिसतो. बाकी प्रत्येक शून्य म्हणजे अडलेला शोध. स्टेटस ४२९ (फार विनंत्या आल्याचा सर्व्हरचा इशारा) आहे का, शेवटचा पत्ता भलत्याच पानावर गेलाय का, कुकी-संमतीची पाटी आडवी आली आहे का, हे तपासा. तरीही शंका राहिली तर ज्याचे निकाल हमखास येतात असा एखादा साधा शब्द शोधून बघा. तिथेही शून्य आलं तर शोधयंत्राने अडवलंय किंवा सिलेक्टर मोडलाय.

अडल्यावर एमसीपीच्या उत्तरातला 'चूक झाली' असं सांगणारा ध्वज (isError) लावा आणि मजकुरात स्पष्ट लिहा: 'शोध झालाच नाही, यावरून माहिती नाही असा निष्कर्ष काढू नये.' हे एक वाक्य घातल्यापासून खोटे नकार जवळजवळ थांबले.

पण लगेच दुसरी अडचण उभी राहते. चूक दिसली की एजंट शब्द बदलून पाठोपाठ चार-पाच वेळा शोधतो आणि अडथळा आणखी घट्ट होतो. म्हणून लगाम टूलमध्येच हवा; प्रॉम्प्टमधली विनंती पुरत नाही. एका वेळी एकच शोध, दोन शोधांत किमान १० सेकंद, कॅप्चा दिसला की ३० मिनिटं बंद, आणि उरलेली मिनिटं उत्तरात.

पान लोड होण्याची वाट बघताना 'नेटवर्क आयडल'वर, म्हणजे पानाची नेटवर्कवरची ये-जा थांबण्यावर, विसंबू नका. जाहिरातींची पानं शांत होतच नाहीत आणि प्लेराइटचे ठरलेले ३० सेकंद संपतात. निकाल, 'निकाल नाहीत' किंवा कॅप्चा, यांपैकी जे आधी दिसेल त्याची वाट बघा.

लॉगिन केलेल्या प्रोफाइलबद्दलचं मत मात्र पूर्ण बदललं. सुरुवातीला तेच उत्तम वाटत होतं, कारण कॅप्चा कमी येतात. पण वाचलेल्या पानात लपवलेली सूचना असेल तर एजंट ती पाळू शकतो, आणि त्याच सेशनमध्ये मेलच्या कुकी असतील तर नुकसान शोधापुरतं राहत नाही. आता वेगळी, कायम जपलेली, पण कुठेच लॉगिन नसलेली प्रोफाइल. संमतीची पाटी एकदा मिटवली की पुन्हा सहसा येत नाही, एवढा फायदा तिच्यातही मिळतोच.

टोकनची (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं त्यांची) उधळपट्टी सहज थांबते. कच्चं एचटीएमएल कधीच देऊ नका. आठ निकालांचं शीर्षक, पत्ता आणि दोन ओळी पुरतात. बिंगचे दुवे लांबलचक पुनर्निर्देशनाचे असतात. त्यातल्या 'यू' (u) या घटकातले सुरुवातीचे 'ए१' (a1) काढून उरलेलं बेस६४ (अक्षरांत गुंडाळलेला मजकूर) उलगडलं की मूळ पत्ता मिळतो. पान वाचताना मोझिलाची रीडेबिलिटी (पानातला मुख्य मजकूर वेगळा काढणारी लायब्ररी) वापरा, आणि मजकूर मध्येच कापला तर तसं लिहा. अर्धवट पान पूर्ण आहे असं समजणं हा त्याच रिकाम्या यादीचा भाऊ.

हे सगळं डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनात) चालवणार असाल तर शेअर्ड मेमरी मुळात ६४ एमबीच असते. टॅब अचानक मरू लागले तर आधी ती वाढवा.

पैशाचं म्हणाल तर, बिंगची शोध एपीआय (प्रोग्रामना थेट निकाल देणारी सेवा) ११ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली आणि गूगलचा शोध जानेवारी २०२५ पासून जावास्क्रिप्टशिवाय चालत नाही, म्हणून ब्राउझरचा मार्ग अनेकांना स्वस्त वाटतो. दिवसाला वीस-तीस शोध, तेही कोणीतरी समोर बसलेलं असताना, एवढ्यापुरता तो ठीक. स्वयंचलित शोधाला गूगलच्या अटींत मनाई आहे, त्यामुळे रात्रंदिवस चालणाऱ्या कामासाठी सरळ पैसे मोजून एपीआय घ्या; सिलेक्टर दुरुस्त करण्यात जाणारे तास त्याहून महाग पडतात.

एक भोक अजून बुजलेलं नाही. पानाची रचना अर्धवट बदलली की दहाऐवजी तीनच निकाल येतात, आणि तीन म्हणजे शून्य नव्हे, त्यामुळे वरचा एकही तपास वाजत नाही. सध्या पाचपेक्षा कमी निकाल आले की त्या पानाचं एचटीएमएल आणि स्क्रीनशॉट जपून ठेवले जातात आणि आठवड्यातून एकदा डोळ्यांनी बघावे लागतात.