ल्युसीनची शोधभाषा: ताकद भरपूर, तर्क डळमळीत

अपाची ल्युसीन या मजकूर-शोधाच्या मुक्त सॉफ्टवेअरमधील मूळ क्वेरी पार्सरची, म्हणजे शोधवाक्याचा अर्थ लावणाऱ्या भागाची, मांडणी पहिल्या भेटीत आवडते. फील्डचे (रकान्याचे) नाव, विसर्गासारखे चिन्ह आणि शब्द एवढे लिहिले की शोध नेमक्या रकान्यात होतो. अवतरणातील शब्दसमूहापुढे नागमोडी चिन्ह आणि आकडा दिला, की ते शब्द किती अंतरापर्यंत विखुरलेले चालतील हे ठरते. 'इथपासून तिथपर्यंत' असा पल्ला शोधताना चौकोनी कंसात त्याच्या सीमा धरल्या जातात, महिरपी कंसात वगळल्या जातात, आणि ही सोय मला विशेष नेटकी वाटते.

खरी तक्रार 'अँड' (आणि) व 'ऑर' (किंवा) या जोडशब्दांबद्दल आहे. 'कथा ऑर कविता अँड समीक्षा' असे विचारल्यास कोणीही 'अँड'ला अग्रक्रम गृहीत धरेल. पार्सर मात्र कविता आणि समीक्षा हे दोन्ही शब्द अनिवार्य करून कथेला केवळ गुणांपुरते, म्हणजे निकालांचा क्रम ठरवण्यापुरते, ठेवतो, त्यामुळे फक्त 'कथा' असलेला दस्तऐवज यादीत येतच नाही. कंस घातले की प्रश्न सुटतो, पण ते घालायला हवेत हे वापरणाऱ्याला सांगणार कोण?

शिवाय तिरपी रेघ रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी (अक्षरांचा साचा देऊन शोधण्यासाठी) राखीव असल्याने अशी रेघ असलेला एखादा साधा फाइल-क्रमांक टाकला तरी त्रुटी येऊ शकते. प्रोग्रामरला हे चालून जाते, सर्वसामान्य शोधपेटीसाठी मात्र नाही. तिथे ल्युसीनवरच उभारलेल्या इलास्टिकसर्च या शोधप्रणालीची 'सिंपल क्वेरी स्ट्रिंग' ही सोपी शोधभाषा मी बिनदिक्कत सुचवेन, कारण चुकीचा भाग ती मुकाट्याने सोडून देते आणि उरलेल्यावर शोध चालवते.