कॅम्परमधील कपाटांची दारे : चुंबक, कडी की बटण-लॅच?

कॅम्परच्या, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या प्रवासी गाडीच्या, कपाटांत सुधारणा करायची म्हटले की बहुतेकांचे लक्ष नवा सनमायका, जास्तीचे खण किंवा आतले दिवे यांकडे जाते. माझ्या मते पहिला खर्च दार बंद ठेवणाऱ्या सामानावर व्हावा. घरातल्या कपाटाचे दार आपण ओढले तरच उघडते. गाडीत मात्र आतले सामानच दाराला आतून रेटत असते. डाव्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातील डबे डाव्या वळणावर दाराकडे सरकतात, आणि नागपूरहून परतवाडामार्गे चिखलदऱ्याला निघाल्यावर घाटात अशी वळणे एकामागून एक येतात. समृद्धी महामार्गावर दिवसभर शांत राहिलेले कपाट तिथे तासाभरात तिखट-मिठासह जमिनीवर येऊ शकते.

चुंबकी कॅच सर्वांत स्वस्त असून दोन-चार स्क्रूंत बसतो. उन्हाळ्यात तो सुटू लागला की उष्णतेने चुंबक मेला, असे म्हटले जाते. ते खरे नाही. मे महिन्यात नागपुरात पारा 45 अंशांपुढे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत त्याहूनही अधिक तापते, तरी साध्या फेराइट चुंबकाला त्याने काही होत नाही. सैल पडते ती चिकटवून लावलेल्या कॅचची चिकटपट्टी, आणि पातळ प्लायवूड वाकले की चुंबक व पत्री यांत मिलिमीटरभर फट राहते; तेवढ्या फटीनेही चुंबकाची ओढ झपाट्याने घटते. म्हणून चुंबक लावायचा असेल तर स्क्रूनेच लावावा, आणि तोही फक्त कपड्यांच्या कपाटाला.

टॉवर बोल्ट, म्हणजे आपली साधी सरकती कडी, पकडीच्या बाबतीत पक्की असते. तिचे दोष दोनच : ती खडखडते, आणि लावायची आठवण ठेवावी लागते.

बटण-लॅचमध्ये हा दुसरा दोष बराचसा निघून जातो. बटण एकदा दाबले की ते बाहेर येऊन मूठ बनते आणि दार उघडता येते. दार लावून पुन्हा दाबले की ते आत बसते व लॅचची जीभ अडकून राहते. गाडी सुरू करण्यापूर्वी एक नजर फिरवली तरी बाहेर आलेले बटण लगेच दिसते. अडचण आहे ती बसवण्यात. वजन वाचवण्यासाठी कॅम्परमध्ये अनेकदा 9 किंवा 12 मिमी प्लाय वापरलेले असते, तर पुष्कळ लॅच त्याहून जाड दारांसाठी बनवलेले असतात. अशा वेळी दाराच्या मागे प्लायचा तुकडा चिकटवून जाडी भरून काढावी लागते. असा तुकडा नागपुरातल्या लकडगंज या लाकूडबाजारात मिळतो. लॅच घ्यायला जाताना मात्र दाराची जाडी मोजून न्यावी आणि लॅच हातात आल्याशिवाय भोक पाडू नये. होल सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) समोरून सुरुवात करावी व मधली ड्रिल मागे निघताच उरलेला भाग मागच्या बाजूने कापावा, म्हणजे सनमायका उचकटत नाही.

मॉड्युलर किचनमधील दाबून उघडणारी दारे गाडीत घेण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण खड्ड्यातला धक्काही त्यांना बोटाचा दाबच वाटतो. हळूच बंद होणाऱ्या बिजागऱ्याही घरातच शोभतात. धावत्या गाडीत दार धरून ठेवणे हे त्यांचे कामच नाही.

डोक्यावरच्या कपाटांना बटण-लॅच आणि खालच्या जड भांड्यांच्या कपाटाला टॉवर बोल्ट, अशी विभागणी मी करेन. बोल्टची खडखड दाराच्या कडेला रबरी पट्टी लावली की बरीच कमी होते. सगळे एकदम बदलण्याइतका वेळ नसेल, तर झोपायच्या जागेवरील कपाटापासून सुरुवात करावी, कारण तिथून पडलेला डबा थेट अंगावर येतो.