माझ्या नावाने दुसरंच कुणी बोलत होतं

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी एका एजन्सीला १,५९,३०० रुपये दिले. लिंक्डइनवर माझा 'पर्सनल ब्रँड' आणि आमच्या वर्कशॉपचं कंपनी पेज उभं करून देण्यासाठी. पैसे बुडाले. ते कधीतरी भरून निघतील. पण त्या तीन महिन्यांत माझ्या फोटोखाली जे छापलं गेलं, त्याने ज्या माणसामुळे आमचं वर्कशॉप उभं आहे त्याचंच मन दुखावलं. एमआयडीसीत माझ्यासारखे छोटे युनिट चालवणारे पुष्कळ आहेत, आणि तसेच फोन त्यांनाही येत आहेत, हे मला माहीत आहे. म्हणून सगळं लिहितो.

आमचं कोल्हापूरजवळच्या शिरोलीत मशीनिंगचं काम. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, जॉब तयार करून पुण्याला आणि बेळगावला पाठवतो. २२ माणसं आहेत. दोन मोठे ग्राहक, त्यातल्या एकाने शेड्यूल निम्म्यावर आणलं. नवा ग्राहक शोधणं भागच होतं. कंपन्यांच्या पर्चेसमधली, म्हणजे खरेदी विभागातली, तरुण मुलं आता नवा व्हेंडर बघताना आधी लिंक्डइन उघडतात, हे मला एका प्रदर्शनात दोघा-तिघांनी सांगितलं. ते खरं आहे, आजही मी तेच म्हणतो. या माध्यमावर माझा राग नाही.

पाठोपाठ त्या एजन्सीच्या एका मुलाचा मेसेज आला. मराठी, नम्र, प्रत्येक वाक्याला 'सर'. ९० दिवसांत १०,००० फॉलोअर, परदेशी चौकशा, महिना ४५,००० रुपये, तीन महिने आगाऊ, वर १८ टक्के जीएसटी. तीन ग्राहकांच्या कौतुकाचे स्क्रीनशॉट पाठवले. त्यातल्या एकाला मी सगळं संपल्यावर फोन केला. त्यांनी या एजन्सीचं नावही ऐकलेलं नव्हतं. तो फोन पैसे देण्याआधी केला असता तर पाच मिनिटं गेली असती. नवा ऑपरेटर घेताना मी जुन्या कारखान्यात चौकशी करतो. इथे केली नाही.

बिलाचं तर डोळ्यांसमोर होतं. पत्ता पुण्याचा, सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ टक्के लावलेला, आणि जीएसटी नंबर २९ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा कोड २७, २९ म्हणजे कर्नाटक. कर्नाटकातून महाराष्ट्रात दिलेल्या सेवेवर सीजीएसटी-एसजीएसटी नाही, आयजीएसटी लागतो. बेळगावशी रोजचा व्यवहार असलेल्या माणसाच्या हे नजरेतून सुटावं याचं मला आजही वाईट वाटतं. रक्कम गेली ती कुणाच्यातरी वैयक्तिक बचत खात्यात. दोन महिन्यांनी आमचे सीए म्हणाले, हे बिल टू-बीमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांच्या यादीत, दिसत नाही, भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळणार नाही. त्यांनी जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला, तर नोंदणी कधीच रद्द झालेली. ही तपासणी कुणालाही करता येते, लॉगिन लागत नाही.

मग पासवर्ड. 'सर, टूल जोडायचं आहे, ओटीपी आला की सांगा.' मी सांगितला. ते टूल माझ्या नावाने दिवसरात्र अनोळखी लोकांना इन्व्हिटेशन पाठवत होतं, त्यांनी स्वीकारलं की ठरलेला मेसेज जात होता. आपोआप चालणारी अशी टूल्स वापरायला आणि पासवर्ड दुसऱ्याला द्यायला लिंक्डइनच्या नियमांतच मनाई आहे. म्हणजे हे लोक तुमच्याकडून पैसे घेऊन तुमचंच खातं धोक्यात घालतात, आणि तसं सांगतही नाहीत.

पहिला महिना मी खूश होतो. पोस्ट पडली की दहा मिनिटांत तीस-चाळीस कमेंट. 'खूप प्रेरणादायी', 'अगदी बरोबर सर'. पुढच्या आठवड्यात नीट बघितलं तर नावं तीच, क्रमसुद्धा जवळपास तोच. याला पॉड म्हणतात, हे नंतर कळलं. पन्नास जणांचा ग्रुप करायचा, सगळ्यांनी सगळ्यांच्या पोस्टवर कमेंट टाकायची. त्यांतल्या एकालाही कास्टिंगशी देणंघेणं नाही. पेजचं तसंच. पेजच्या अॅनालिटिक्समध्ये फॉलोअर कुठल्या गावचे, कुठल्या उद्योगातले, कुठल्या हुद्द्यावरचे हे दिसतं. आमचे सहा हजारांवर फॉलोअर झाले होते, आणि ऑटो किंवा इंजिनिअरिंगमधले शोधून काढावे लागत होते. मुलाला विचारलं तर म्हणाला, 'सर, आधी आकडा, मग क्वालिटी.' आमच्या धंद्यात असं म्हणणाऱ्याचा लॉट गेटवरून परत जातो.

आता खरी गोष्ट. पहिल्याच कॉलवर त्याने वर्कशॉप कसं सुरू झालं ते विचारलं होतं. मी सांगितलं. वडील उद्यमनगरात टर्नर होते. १९८७ साली त्यांनी सेकंडहँड लेथ घेतली, सहकारी बँकेच्या कर्जावर. बँक जामीन मागत होती. त्यांचे फोरमन, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते जामीन राहिले. त्यांचंही घर भाड्याचंच होतं. वर सहा महिने, सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांनी वडिलांना थ्रेडिंगचं, म्हणजे आटे पाडण्याचं, बारीक काम शिकवलं, एक पैसा न घेता.

एजन्सीचा मुलगा म्हणाला, 'सर, कर्जाची गोष्ट चालत नाही. त्याग पाहिजे.' मी समजलो, तो नुसतं बोलतोय.

जानेवारीत पोस्ट पडली. इंग्रजीत, एकेका ओळीचं वाक्य. माझ्या आईने मंगळसूत्र विकलं, त्यातून लेथ आली. सगळ्या जगाने पाठ फिरवली, एकही माणूस मदतीला आला नाही. शेवटी माझं नाव आणि हात बांधून उभा असलेला फोटो. सव्वा लाख लोकांनी ती बघितली, त्याआधीच्या सगळ्या पोस्ट मिळूनही इतकं झालं नव्हतं. मी त्या आठवड्यात ऑडिटच्या गडबडीत होतो. पोस्ट टाकण्याआधी मला दाखवायची असं ठरलेलं होतं. ती दाखवली नव्हती. आणि इतके लाइक बघून मी दोन दिवस ती काढलीही नाही. ते दोन दिवस माझे आहेत, एजन्सीचे नाहीत.

भाचीने ती आईला मराठीत वाचून दाखवली. आईने गळ्यातलं डोरलं हातात धरलं आणि म्हणाली, 'हे कवा झालं? आणि तुझ्या काकांचं नाव कुठं हाय यात?'

काकांपर्यंत ती त्यांच्या नातवामुळे पोहोचली. तो पुण्यात नोकरीला आहे, त्याच्या फीडमध्ये आली. काकांनी मला फोन केला नाही. नातवाने केला, आणि एवढंच म्हणाला, 'दादा, आजोबा दोन दिवस काही बोललेले नाहीत.'

मी पोस्ट काढली, मुलाला फोन करून सगळं काम थांबवायला सांगितलं. त्याच आठवड्यात पुण्याच्या ग्राहकाचे पर्चेसचे साहेब बोलले. अकरा वर्षांची ओळख, आणि त्यांना माझ्या नावाने मेसेज गेला होता, 'आपण काय काम करता हे जाणून घ्यायला आवडेल.' ते रागावले नाहीत, विचारलं फक्त, तुमचं खातं कोण चालवतं? मला उत्तर देता आलं नाही.

काम थांबवा म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी मला कंपनी पेज उघडेना. पेज बनवताना त्या मुलालाही सुपर अॅडमिन केलं होतं, म्हणजे पेजचे सगळे अधिकार दिले होते. एक सुपर अॅडमिन दुसऱ्याला काढू शकतो. त्याने मला काढलं. पेज परत हवं असेल तर ६०,००० रुपये हँडओव्हर चार्ज. मी दिले नाहीत. त्यातच टूलमुळे माझ्या खात्यावर निर्बंध आला, ओळखपत्र अपलोड करून ते सोडवून घ्यावं लागलं. पेजसाठी कंपनीच्या डोमेनवरच्या ई-मेलवरून, उद्यम नोंदणीची आणि जीएसटीची कागदपत्रं जोडून लिंक्डइनकडे अर्ज केला. सात आठवड्यांनी पेज हातात आलं. पहिलं काम केलं ते अॅडमिनची यादी उघडायचं. मी आणि भाची, दोनच नावं ठेवली. बाहेरच्या माणसाला काम द्यायचंच असेल तर त्याला कंटेंट अॅडमिन करता येतं. पोस्ट टाकण्यापुरता अधिकार, मालकाला काढण्याचा नाही. हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार केली, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, म्हणजे समोरच्या खात्यात रक्कम असतानाच ती अडवता येते. मी अडीच महिन्यांनी लावला. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण मी तो स्वतःच दिला होता, त्यामुळे प्रत्येक जबाबात मला ते सांगावं लागतं. व्हॉट्सअॅपचे मेसेज, बिल, बँकेची पावती मी जपून ठेवली होती, तेवढ्यावर तक्रार उभी आहे. कुणाचं असं काही चालू असेल तर चॅट डिलीट करू नका, रागाने सुद्धा.

त्यानंतर मी स्वतः एक पोस्ट लिहिली. मराठीत. लेथ कर्जावर घेतली होती, जामीन कोण राहिलं, कुणी शिकवलं, सगळं. आधीची पोस्ट खोटी होती आणि ती माझ्या नावाने गेली, हेही. लिहायला चार रात्री लागल्या, टाकण्याआधी आईला वाचून दाखवली. तीनशेच्या आसपास लोकांनी ती बघितली. पॉडमधली एकही कमेंट नव्हती. गडहिंग्लजच्या एका पंपवाल्याने मात्र विचारलं, तुमच्याकडे बोअर, म्हणजे भोकाचं माप, किती मायक्रॉनमध्ये येतो? त्यांचे दोन सॅम्पल आम्ही केले, अजून पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, आलेली नाही.

ती पोस्ट छापून घेऊन काकांकडे गेलो. त्यांचं वय आता ऐंशीच्या घरात आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांनी कागद खिडकीजवळ नेऊन पूर्ण वाचला, घडी घातली, उशीखाली ठेवला. म्हणाले, 'सहा महिने नव्हतं रे. आठ महिने येत होतो मी.'

घरी येऊन ते दुरुस्त केलं.