हळदीच्या सौद्याचा फॉर्म: गेट की पोस्ट?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत्यांसाठी केलेला फॉर्म एका ब्राउझरमध्ये चालतो आणि दुसऱ्यात अडतो, तेव्हा आधी फॉर्म सर्व्हरकडे माहिती कुठल्या पद्धतीने पाठवतो ते बघा: गेट (GET) की पोस्ट (POST). गेटमध्ये सगळं वेबपत्त्यातच (URL) जातं, आणि मराठीला ते फार महाग पडतं: 'हळद' ही ३ अक्षरं यूटीएफ-८ मुळे (अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) पत्त्यात २७ चिन्हं होतात! जुन्या इंटरनेट एक्सप्लोररची पत्त्याची मर्यादा २,०८३ चिन्हांची. क्रोम त्याहून कितीतरी लांब पत्ता पाठवतो, पण मग सर्व्हरच ४१४ (पत्ता फार लांब) अशी चूक दाखवून परत लावू शकतो.

पोस्टमध्ये माहिती पत्त्यात नाही, तर सर्व्हरला जाणाऱ्या विनंतीच्या (रिक्वेस्टच्या) पोटात जाते. शेतकऱ्याचं नाव, पोती, दर नोंदवायला पोस्टच घ्या. नुसता भाव शोधायला गेट बरं, लिंक व्हॉट्सॲपवर टाकता येते. तरीही अडलं, तर दोन्ही ब्राउझरांत डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून गेलेली विनंती ताडून बघा.