ओहायोतलं खुनाचं अपील: पुरावा अपुरा, की निकाल पुराव्याच्या वजनाविरुद्ध?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात खुनाची शिक्षा झाली की अपिलात वकील बहुधा हे दोन्ही मुद्दे एका दमात मांडतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९७ च्या थॉम्पकिन्स खटल्यात ते वेगळे केले. ‘पुरावा अपुरा’ म्हटलं, की अपील ऐकणारे न्यायाधीश सरकारी साक्षीदार खरे धरूनच चालतात. जमणं कठीण, जमलं तर थेट सुटका, फेरखटला नाही.

‘वजना’च्या, म्हणजे एकूण पुरावा तोलला तर निकाल चुकीचा ठरतो या मुद्द्यावर, तेच न्यायाधीश बारा जणांच्या ज्युरीतले जणू तेरावे सदस्य (ज्युरर) होतात. एकुलता एक प्रत्यक्षदर्शी जबानी फिरवत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा का, हेही तोलतात. ऐकायला सोपं! पण ज्युरीचा निकाल फिरवायला अपील ऐकणाऱ्या तिन्ही न्यायाधीशांचं एकमत लागतं, आणि जिंकलात तरी पदरात पडतो तो नवा खटला. तरीही, ज्याच्याविरुद्धची सगळी केस एका डळमळीत साक्षीवर उभी आहे, त्याने माझ्या मते जोर इथेच लावावा.